काचेच्या पेटीतील इशारा

अल्लाहच्या नावाने, जो असीम कृपाळू आणि परम दयाळू आहे.



पवित्र कुरआनात समुद्राचा उल्लेख वारंवार येतो. सूरह अन्-नहलमध्ये अल्लाहने सांगितले आहे की, समुद्र त्यानेच मानवाच्या सेवेस लावला आहे. त्यातून माणसाने ताजे मांस खावे, अंगावर ल्यावयाचे अलंकार काढावेत, पाणी चिरीत जाणाऱ्या जहाजांतून त्याची कृपा शोधावी आणि शेवटी कृतज्ञ व्हावे (16:14). कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या होडी आणि जाळे यांवर जगलेल्या आपल्या समाजाला या आयतीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. परंतु एक गोष्ट मात्र पुन्हा सांगावी लागते. सेवेस लावणे म्हणजे मालकी बहाल करणे नव्हे. जे सेवेस लावले गेले, ते अमानत म्हणून हाती आले. आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो.

आखाती देशात नोकरी करणाऱ्या, मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील एका तरुणाने अलीकडे मला एक प्रश्न विचारला. त्याच्या सदनिकेत खाऱ्या पाण्याची काचेची मोठी टाकी आहे. रंगीत मासे तो अनेक वर्षे पाळतो. एका विक्रेत्याने त्याला निळ्या वलयांचा ऑक्टोपस आणून देण्याची तयारी दाखविली होती. घरी पत्नी आणि चार वर्षांचा मुलगा. त्याचे म्हणणे असे की, रंगीत मासे पाळणे जायज आहे, मग हा का नसावा? टाकीला झाकण आहे, मी हात घालणार नाही, मुलाला जवळ जाऊ देणार नाही. प्रश्न प्रामाणिक होता आणि तो एकट्या त्याचा नाही. विंचू, विषारी साप, विषारी कोळी आणि असे समुद्री जीव घरात बाळगण्याची हौस जगात अनेक ठिकाणी वाढते आहे. म्हणून त्याला जे सांगितले, तेच येथे सविस्तर मांडत आहे.

या जिवाची ओळख

ऑक्टोपसला मराठीत अष्टपाद म्हणतात. निळ्या वलयांचा अष्टपाद ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, फिलिपाइन्स, जपान या देशांच्या उथळ समुद्रात, प्रवाळांत आणि खडकांमधील डबक्यांत राहतो. त्याच्या काही जाती आहेत. त्यांपैकी एकीचे वर्णन 1938 साली बंगालच्या उपसागरातील नमुन्यावरून झाले. म्हणजे आपल्या देशालगतच्या पाण्यालाही हा जीव अगदीच परका नाही. भुजा धरून त्याची लांबी साधारण 12 ते 20 सेंटीमीटर भरते. माणसाच्या तळहातावर तो सहज मावतो, आणि सारा धोका येथूनच सुरू होतो.

त्याच्या लाळेत टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष असते. आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमार ज्या केंड माशाला जाळ्यातून काढून फेकून देतात, त्या माशाच्या कुळात आढळणारे विष हेच. ते मज्जातंतूंचे संदेश रोखते. दंश इतका बारीक असतो की, अनेकदा वेदनाही होत नाही. काही मिनिटांत ओठ व जीभ बधिर होतात, गिळणे व बोलणे अवघड होते, हातापायांतील शक्ती जाते आणि अखेर श्वासोच्छ्वास चालविणारे स्नायू थांबतात. या सर्व काळात मनुष्य शुद्धीवर असू शकतो. त्याला ऐकू येते, समजते, मात्र बोट हलविता येत नाही. या विषावर उतारा अस्तित्वात नाही. विषाचा अंमल ओसरेपर्यंत कृत्रिम श्वास देत राहणे, एवढाच उपाय आहे.

पाळण्याची मुभा आणि तिची अट

आपला धर्म कोरडा नाही. घरात एखादा जीव असावा, मुलांनी त्याच्याशी खेळावे, यात इस्लामला काही वावगे वाटत नाही. आदरणीय अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाने एक लहानसा पक्षी पाळला होता. प्रेषित मुहम्मद (स.) त्या घरी येत, तेव्हा त्या बालकाला अबू उमैर या नावाने हाक मारीत आणि त्याच्या पक्ष्याची गमतीने विचारपूस करीत. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिच्या आधारे विद्वानांनी सांगितले की, पक्षी वा प्राणी जवळ बाळगणे मुळात अनुज्ञेय आहे.

परंतु त्याच दोन संग्रहांत दुसरी हदीसही आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवली. तिला खाऊ घातले नाही आणि आपले भक्ष्य आपण शोधावे म्हणून सोडलेही नाही. त्या मांजरीपायी ती स्त्री नरकाग्नीस पात्र ठरली. अबू उमैरचा पक्षी आणि त्या स्त्रीची मांजर, या दोन हदीसी एकत्र वाचल्या म्हणजे शरीअतचा नियम स्पष्ट होतो. पाळणे वैध आहे, पण दोन अटींवर. पाळलेल्या जिवामुळे माणसाला अपाय होऊ नये आणि पाळणाऱ्यामुळे त्या जिवाला अपाय होऊ नये. निळ्या वलयांचा अष्टपाद घरात आणणारा मनुष्य या दोन्ही अटी मोडतो. त्या एकेक करून पाहू.

स्वतःच्या हाताने विनाश

अल्लाहची आज्ञा आहे की, माणसाने आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये (2:195). प्रेषितांनी (स.) एक मूलभूत नियम घालून दिला की, स्वतः हानी करू नये आणि हानीच्या बदल्यातही हानी करू नये. इस्लामी विधिशास्त्राचा फार मोठा भाग या नियमावर उभा आहे. त्यातूनच फकीहांनी सूत्र काढले की, लाभ मिळविण्यापेक्षा अपाय टाळणे अगोदर. येथे लाभ कोणता? काही क्षणांचे नेत्रसुख. आणि अपाय कोणता? एक जीव, कदाचित स्वतःचा, कदाचित पोटच्या मुलाचा.

1954 साली ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुण पाणबुड्याच्या अंगाखांद्यावर असा एक लहानसा ऑक्टोपस खेळविला गेला. तो निरुपद्रवी वाटत होता. मानेजवळ दंश झाला. जखम नाममात्र होती. थोड्याच वेळात त्या तरुणाचे तोंड कोरडे पडले, श्वास जड झाला आणि रुग्णालयात नेऊनही तो वाचला नाही. त्या बिचाऱ्यांना या प्राण्याविषयी ठाऊक नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे. अज्ञानाने झालेल्या गोष्टीची आणि जाणूनबुजून केलेल्या गोष्टीची किंमत अल्लाहपाशी सारखी नसते.

कोणी म्हणेल, टाकीला झाकण आहे. वाचकहो, अष्टपादाच्या अंगात हाड नाही. चोच जेथून जाते, तेथून त्याचे सारे शरीर जाऊ शकते. न्यूझीलंडमधील नेपियर येथील राष्ट्रीय मत्स्यालयातून एक ऑक्टोपस झाकणाच्या फटीतून बाहेर पडला, जमिनीवरून सरपटत गेला आणि सांडपाण्याच्या नळीतून थेट समुद्रात निघून गेला. 2016 साली ही बातमी जगभर गाजली. तो वेगळ्या जातीचा होता, माणसाला त्यापासून भय नव्हते. परंतु जेथे जाणकार माणसे देखरेखीला होती, तेथे हे घडले. मग ज्या घरात मूल स्टुलावर चढते, पाहुणे येतात आणि रात्री सर्वजण निजतात, त्या घरातील झाकणाचा भरवसा किती धरावा?

कोणी असेही म्हणेल की, मृत्यू तर लिहिलेला आहे, जे व्हायचे ते होईल. हा तवक्कुल नव्हे. ही निष्काळजीपणाला चढविलेली धार्मिक झूल आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भिस्त ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) अगोदर उंट बांधण्यास व मग अल्लाहवर भिस्त ठेवण्यास सांगितले. झोपण्यापूर्वी दिवे विझविण्याची शिकवण त्यांनीच दिली, कारण उंदीर वात ओढून नेतो आणि घरातील माणसे होरपळतात. कठडा नसलेल्या छतावर निजणाऱ्याविषयी त्यांनी सांगितले की, त्याच्या संरक्षणाची हमी उरत नाही. बाजारातून किंवा मशिदीतून बाण घेऊन जाणाऱ्याने बाणांची टोके हातात धरावीत, म्हणजे कोणा मुस्लिमाला ओरखडा लागणार नाही, असे त्यांनी बजावले. उंदीर, छत, बाणाचे टोक! ज्या प्रेषितांनी एवढ्या बारीक गोष्टींत माणसाच्या जिवाची काळजी वाहिली, त्यांच्या उम्मतीतील घरात उतारा नसलेले विष शोभेसाठी ठेवले जावे काय?

आणि हा प्रश्न केवळ मालकाचा नाही. घरात झाडलोट करणारी बाई, वीज दुरुस्त करणारा कामगार, शेजारचे मूल, सुट्टीत टाकी सांभाळणारा मित्र, यांपैकी कोणी हा धोका स्वेच्छेने पत्करलेला नसतो. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही, त्याचे ईमान पुरे नाही, असा प्रेषितांचा (स.) स्पष्ट इशारा आहे. विधिशास्त्राच्या दृष्टीनेही पाहा. मुक्या जनावराने आपण होऊन केलेल्या इजेबद्दल भरपाई नाही, असा हदीसचा मूळ नियम आहे. तथापि मालकाची हयगय असेल तेथे हा नियम लागू होत नाही, असे फकीहांनी स्पष्ट केले. इमाम नववी यांनी नमूद केले आहे की, एखादी मांजर लोकांचे पक्षी व अन्न यांची नासधूस करण्याबद्दल परिचित असेल, तर तिने केलेल्या नुकसानीची भरपाई मालकाने द्यावी. मांजरीने सांडलेल्या अन्नाची जर जबाबदारी आहे, तर ज्याचे विष जगजाहीर आहे असा प्राणी घरात बाळगून कोणाचा प्राण गेला, तर त्याची जबाबदारी किती मोठी?

मुक्या जिवाचा हक्क

आतापर्यंत माणसाचा विचार झाला. आता त्या जिवाचा करू. कारण पुष्कळ लोक येथेच थांबतात आणि समजतात की, विषारी प्राणी म्हणजे दुष्ट प्राणी. समुद्रात हा अष्टपाद कोणावर चाल करून जात नाही. तो लाजाळू आहे, दिवसाचा बराच वेळ कपारीत किंवा रिकाम्या शिंपल्यात दडून राहतो, खेकडे व लहान कोळंबी पकडून खातो. चावतो तो पकडला, दाबला किंवा तुडविला गेला तर. ज्या पाच उपद्रवी प्राण्यांना हरमच्या हद्दीतही मारण्याची अनुमती हदीसमध्ये आहे, त्यांत विंचू आहे, कारण तो माणसाच्या बिछान्यापर्यंत येतो. हा बिचारा आपल्या कपारीत असतो. आपणच त्याला तेथून उचलून आपल्या बिछान्याजवळ आणतो आणि वर त्यालाच धोकादायक ठरवितो.

अल्लाहने फर्माविले आहे की, पृथ्वीवर चालणारा प्रत्येक प्राणी आणि पंखांनी उडणारा प्रत्येक पक्षी हे मानवासारखेच समुदाय आहेत (6:38). समुदाय म्हणजे ज्यांची आपली एक जीवनरीत आहे ते. अष्टपादाची जीवनरीत पाहिली तर मन नम्र होते. त्याला तीन हृदये आहेत, त्याचे रक्त निळसर आहे. साध्या ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे 50 कोटी चेतापेशी असतात आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक त्याच्या भुजांत असतात. तो शिकतो, कोडी सोडवितो, वाट लक्षात ठेवतो. ब्रिटनमध्ये 2022 साली झालेल्या प्राणीविषयक कायद्याने ऑक्टोपस व त्याच्या कुळातील जीवांना सुखदुःखाची जाणीव असलेले प्राणी म्हणून मान्यता दिली. आपल्या देशातील 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा तर प्राणी या शब्दाची व्याख्याच अशी करतो की, मानवाखेरीज कोणताही सजीव. प्रत्येक सजीवाच्या सेवेत पुण्य आहे, ही शिकवण तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याच्या हदीसमधून आपल्याला केव्हाच मिळाली आहे.

निळ्या वलयांच्या अष्टपादाचे आयुष्य फार थोडे असते, साधारण वर्ष-दोन वर्षांचे. विक्रीला येणारे प्राणी बहुधा समुद्रातूनच पकडलेले असतात, आणि पकडताना त्यांचे वय कोणी मोजीत नाही. त्या एवढ्याशा आयुष्याचा मोठा भाग पकडण्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, विमानात आणि दुकानात जातो. उरलेले दिवस काचेवर थडकण्यात संपतात. मादी तर आयुष्यात एकदाच अंडी घालते. ती अंडी ती आपल्या भुजांखाली धरून ठेवते, त्या काळात अन्न घेत नाही आणि पिले बाहेर पडल्यावर स्वतः मरून जाते. एका प्रवासात काही सहाबांनी एका चिमण पाखराची पिले उचलून आणली, तेव्हा ती आई पंख पसरून घिरट्या घालू लागली. प्रेषितांनी (स.) ते पाहून विचारले की, हिच्या पिलांवरून हिला कोणी दुःख दिले, आणि पिले परत ठेवण्यास सांगितले. ज्या मातेच्या नशिबी मातृत्वाची एकच वेळ आहे, तिला खडकातून उपसून पिशवीत भरताना ही हदीस कोणाला आठवते काय?

सातव्या हिजरी शतकातील महान शाफिई विद्वान इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांनी प्राण्यांचे माणसावरील हक्क मोजून सांगितले आहेत. जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याचा खर्च करावा, त्याच्यावर झेपणार नाही असा भार घालू नये, ज्याच्यामुळे त्याला इजा होईल त्याच्यासोबत त्याला ठेवू नये, त्याची विश्रांतीची जागा चांगली ठेवावी. ही यादी हातात घेऊन काचेच्या पेटीकडे पाहावे. यातील किती हक्क तेथे पाळले जाऊ शकतात?

मोराचा रंग आणि निळी वलये

आता खरेदी-विक्रीचा प्रश्न. आपल्या महाराष्ट्रात कोकणी मुस्लिम बहुतांशी शाफिई आहेत आणि घाटावरचे बहुतेक हनफी. समुद्रातील जीव खाण्याबाबत या दोन मजहबांत मतभेद आहे. हनफींकडे मासा सोडून इतर जलचर खाल्ले जात नाहीत, शाफिईंकडे मुभा व्यापक आहे. परंतु जे विषारी व अपायकारक आहे, ते खाणे कोणाकडेही वैध नाही. आणि या अष्टपादाचे विष केवळ लाळेत नसून शरीराच्या इतर भागांतही आढळले आहे. विक्रीबाबत इमाम नववी यांनी मिन्हाजमध्ये अट सांगितली की, विकल्या जाणाऱ्या वस्तूत उपयोग असला पाहिजे. म्हणून ज्यांचा काही उपयोग नाही असे कीटक व हिंस्र पशू विकणे ग्राह्य नाही.

येथे अभ्यासू वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो घ्यावाच. शाफिई फकीहांनी मोराची विक्री त्याच्या रंगाच्या आनंदासाठी वैध मानली आहे. म्हणजे पाहण्याचे सुख हाही उपयोग ठरतो. मग या अष्टपादाचा निळा रंग मोराच्या रंगाहून कमी कोठे आहे?

वाचकहो, या आक्षेपाचे उत्तर त्या रंगातच दडलेले आहे. मोर पिसारा फुलवितो तो आपल्या आनंदात, आपल्या ऋतूत. हा अष्टपाद स्वस्थ असतो तेव्हा फिकट, पिवळसर-तपकिरी, वाळूत मिसळून जाणारा असतो. ज्या झगझगीत निळ्या वलयांची छायाचित्रे पाहून माणसे भुलतात, ती वलये पूर्ण तेजाने उजळतात ते तो घाबरल्यावर. त्वचेतील स्नायू आवळले जातात आणि एका क्षणात निळा रंग उघडा पडतो. ही त्याची सजावट नाही. हा त्याचा इशारा आहे. त्याच्यापाशी आवाज नाही, म्हणून त्या रंगातून तो सांगतो की, दूर हो, मला हात लावू नकोस, मला तुला चावायचे नाही.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्याने हा प्राणी त्या निळाईसाठी विकत घेतला, त्याला ती निळाई पाहायची असेल तर त्या जिवाला घाबरविलेच पाहिजे. काचेवर टकटक करावी लागेल, काडीने डिवचावे लागेल. मोर विकत घेणाऱ्याने रंग विकत घेतला. या माणसाने भीती विकत घेतली. एका निष्पाप जिवाच्या भीतीचे दर्शन हा शरीअतने मान्य केलेला उपयोग होऊ शकत नाही. कुरैशच्या काही तरुणांनी एक पक्षी बांधून त्यावर बाणांची नेमबाजी चालविली होती. आदरणीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) तेथे येताच ते पांगले, आणि जिवंत प्राण्याला निशाणा बनविणाऱ्याचा प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे, असे इब्न उमर (रजि.) यांनी सांगितले. खेळासाठी जिवाचा छळ, मग तो बाणाने असो वा बोटाने, एकाच जातीचा आहे.

कुरआनात सूरह अन्-नम्लमध्ये एका मुंगीचा उल्लेख आहे. सुलैमान (अलै.) यांचे सैन्य येताना पाहून तिने आपल्या समुदायाला इशारा दिला की, वारुळांत शिरा, नाहीतर नकळत तुडविल्या जाल. सुलैमान (अलै.) यांनी तो इशारा ऐकला, ते हसले आणि लगेच त्यांनी अल्लाहपाशी कृतज्ञतेचे सामर्थ्य मागितले (27:18-19). पृथ्वीवरील एवढे मोठे राज्य ज्यांना लाभले, ते एका मुंगीच्या बोलण्यापुढे थांबले. आपण एका जिवाचा इशारा डोळ्यांनी स्पष्ट पाहतो आणि त्याला निमंत्रण समजतो. आयत या शब्दाचा अर्थ खूण, निशाणी. कुरआनाच्या ओळी जशा आयती, तशाच सृष्टीतील खुणाही आयती. ज्या निशाणीवर अल्लाहने दूर राहण्याचा संदेश लिहिला, ती शोभेची वस्तू म्हणून दिवाणखान्यात ठेवणे म्हणजे निशाणी चुकीची वाचणे होय.

हौस की प्रदर्शन?

आता आपण आपल्याच मनाला एक प्रश्न विचारावा. सुंदर, निरुपद्रवी असे शेकडो मासे असताना जीवघेणाच प्राणी का हवा? कारण इतरांपाशी तो नाही. पाहुणा टाकीसमोर दचकावा, मित्रांनी चित्रफीत पाहून थक्क व्हावे, आपण निर्भय ठरावे. समुद्रकिनारी हा प्राणी तळहातावर घेऊन चित्रण करणारे पर्यटक समाजमाध्यमांवर दिसतात. त्यांतील कित्येकांना हातावर काय आहे हेही ठाऊक नसते. कुरआनाने ऐहिक जीवनाचे वर्णन खेळ, मनोरंजन, शोभा आणि एकमेकांवर बढाई असे केले आहे (57:20). या चारही गोष्टी त्या एका काचेच्या पेटीत एकवटतात. आणि त्यासाठी खर्च होणारा पैसा? उधळपट्टी करणाऱ्यांना कुरआनाने सैतानाचे भाऊबंद म्हटले आहे (17:27). परदेशी घाम गाळून मिळविलेल्या कमाईवर आईवडिलांचा, मुलांचा, गरजू नातलगांचा हक्क अगोदर आहे.

ज्यांच्या घरी असा प्राणी आहे त्यांच्यासाठी

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या वा कोणाच्या परिचिताच्या घरी असा प्राणी आधीच असेल, तर त्यांनी घाईने दुसरा गुन्हा करू नये. त्याला जवळच्या समुद्रात सोडू नये. जो समुद्र त्याचा नाही, तेथे तो मरेल किंवा स्नानास आलेल्या एखाद्याला अपाय होईल. नाल्यात टाकू नये, तडफडवून मारू नये. जाणकार सार्वजनिक मत्स्यालय, सागरी संशोधन संस्था किंवा शासनाच्या वन अथवा मत्स्य खात्याशी संपर्क साधून तो त्यांच्या स्वाधीन करावा. दुसऱ्या हौशी माणसाला विकून मोकळे होऊ नये. ते अमानत फेडणे नव्हे, तर आपला धोका दुसऱ्याच्या दारात ठेवणे होय. तो जाईपर्यंत त्याचे अन्न, पाणी, लपण्याची जागा यांत कसूर करू नये, झाकण वजनदार व घट्ट ठेवावे, टाकीची खोली कुलूपबंद असावी आणि घरातील प्रत्येकाला धोका स्पष्ट सांगून ठेवावा.

अल्लाह न करो, कोणाला दंश झालाच, तर वेदना नाही म्हणून वाट पाहू नये. त्या व्यक्तीला निजवून हालचाल थांबवावी, दंश हातापायावर असल्यास त्या अवयवावर घट्ट पट्टी बांधून तो स्थिर ठेवावा, तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात तिचा क्रमांक 108 आहे. श्वास मंदावला वा थांबला, तर तोंडाने श्वास देत राहावे आणि मदत पोहोचेपर्यंत थांबू नये. तो निश्चल दिसला तरी ऐकत असू शकतो. म्हणून त्याच्याशी धीराचे बोलावे, कलिमा व दुआ त्याच्या कानी पडू द्यावी, रडारड करू नये. पहिले 24 तास श्वास चालू ठेवता आला, तर रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. एक जीव वाचविणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचविणे आहे, हा कुरआनाचा संदेश (5:32) अशा वेळी कृतीत उतरवायचा असतो.

प्रिय वाचकहो, अल्लाहची निर्मिती पाहण्याची आवड ही मोठी देणगी आहे. ती मारू नका, तिला वळण लावा. सुट्टीत मुलांना घेऊन ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरील खडकांवर जा. डबक्यातील खेकडा, शंख, एखादे वेळी कपारीत दडलेला साधा ऑक्टोपसही त्यांना दाखवा. हात लावायचा नाही, दगड उलटला तर पुन्हा तसाच ठेवायचा, हे शिकवा. आणि सांगा की, हे सर्व आपल्या पालनकर्त्याचे पावित्र्य वर्णन करीत आहेत, फक्त त्यांची भाषा आपल्याला उमगत नाही (17:44). मूल जर हे शिकले, तर मोठेपणी त्याला समुद्र घरात कोंडावासा वाटणार नाही. त्याला समुद्रापाशी जावेसे वाटेल.

हे अल्लाह, तुझ्या निशाण्या तू ज्या अर्थाने ठेवल्यास त्याच अर्थाने वाचण्याची बुद्धी आम्हांला दे. आमच्या हातून आमच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि तुझ्या कोणत्याही मुक्या जिवाला त्रास होऊ देऊ नकोस. जे आमच्या सेवेस लावलेस, त्याच्याबाबतीत आम्हांला अमानतदार ठेव. आमीन.